अश्विनीच्या संघाची वेळ

सात ऑक्टोबर, सोमवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. आमच्या पडवीत आईने खंडेनवमीच्या पूजेसाठी घरातली सगळी हत्यारे पाटावर ओळीने मांडली होती. बाबा ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहत, त्यामुळे त्यांच्या नळदुरुस्तीच्या पान्यांचा मान पहिला. मग दोन विळे, कुऱ्हाड, आईच्या शिवणयंत्राची कात्री आणि सर्वांत शेवटी आमच्या शाळेच्या संघाचा रोबोट. मी तोंड धुऊन परसातून येत होते. आईने झेंडूच्या फुलाने सगळ्यांवर पाणी शिंपडले, ओल्या हळदकुंकवाची दोन बोटे पान्यांवर, विळ्यांवर, कात्रीवर ओढली आणि त्याच हाताने, त्याच भक्तीने, रोबोटच्या उघड्या सर्किटवरही ओढली. चर्र असा बारीक आवाज झाला आणि उदबत्तीच्या वासात जळक्या प्लास्टिकचा वास मिसळला.

"अवो माय! याच्यातून धूर काहून निंगून राहिला?" आई हात झटकत मागे सरली.

"तुनं त्याले आतूनच उदबत्ती लावली असंन," बाबा म्हणाले. दाढी करताना त्यांना विनोद सुचत असत.

मी धावत जाऊन बॅटरीची तार उपसली. ती आदल्या संध्याकाळपासून मीच जोडून ठेवली होती, कारण रोबोट नुसता उभा असताना बॅटरी किती उतरते ते मला पाहायचे होते. हळद आणि चुना यांपासून होणारे कुंकू ओले झाले की वीज बऱ्यापैकी वाहून नेते. आईच्या दोन बोटांनी ज्या दोन टोकांना कधीही जोडायचे नसते ती टोके जोडली होती, आणि मोटर ड्रायव्हर नावाची काडेपेटीएवढी पाटी काळी पडली होती. रोबोटचा मेंदू चाकांना जो हुकूम देतो तो फार क्षीण असतो. त्या हुकुमाप्रमाणे बॅटरीचा खरा प्रवाह मोटरांना पुरवण्याचे काम ही पाटी करते. ती नसेल तर मेंदू शाबूत असूनही चाके जागची हलत नाहीत. शनिवारी भंडाऱ्याला जिल्ह्याची स्पर्धा होती. जिल्ह्यातून एकच संघ नागपूरला जाणार होता. सगळ्यांच्या मते तो संघ जवाहरनगरच्या क्वार्टर्समधल्या मुलांचा असणार होता, आणि त्या संघाला शिकवणारी मुलगी माझी मामेबहीण अश्विनी होती. मला ती स्पर्धा जिंकायची होती आणि अश्विनीविरुद्ध जिंकायची होती. यातला पहिला भाग मी मुलांना सांगितला होता. दुसरा माझ्यापाशी ठेवला होता.

तो दुसरा भाग फार जुना होता. अश्विनी माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आणि शाळेत एका वर्गाने पुढे. मामा जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला, राहायला सरकारी क्वार्टर. तिथे नळाला ठरलेल्या वेळी पाणी येई, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेली झाडे असत, आणि भोंगा वाजला की अख्ख्या वसाहतीत एकाच वेळी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही करडीहून तिथे जायचो. मामी सांबारवडी करायची. आमच्या भागात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या वडीच्या आत हिरवेगार सारण भरलेले असे आणि वरून तेलात तळल्यावर तिला फोड येत. आमच्या घरी लाखोरीची डाळ, तांदळाची भाकर आणि तलावाचे मासे यांच्या पलीकडे स्वयंपाकाची कल्पना जात नसे. मी वड्या खायचे, आणि खाताना आईचे बोलणे ऐकायचे: "अश्विनी कशी बोलते पाह्य. अश्विनीचं अक्षर पाह्य." सुट्टी संपवून परत निघताना मामा एक पिशवी द्यायचे. तिच्यात अश्विनीला लहान झालेले फ्रॉक, अश्विनीने वापरलेली पुस्तके, एकदा अश्विनीची कंपासपेटी. पुस्तकांतली उदाहरणे तिने समासात पेन्सिलीने आधीच सोडवलेली असत. मी पान उघडायच्या आत उत्तर तिथे असायचे, बरोबर असायचे, आणि अक्षर आईने वाखाणलेले.

अश्विनी माझ्याशी कधी वाईट वागल्याचे मला आठवत नाही. मत्सराला कारण मिळाले की त्याचा राग होतो आणि राग निदान खर्च तरी होतो. कारण न मिळालेला मत्सर साठत जातो. ती इंजिनिअर झाली, मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. तिला एका कंपनीचे नेमणूकपत्र मिळाले, फक्त रुजू व्हायची तारीख यायची होती. मला संशोधनाची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली आणि मी गावातल्या शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवू लागले. तारीख येईपर्यंत वेळ जावा म्हणून तिने वसाहतीतल्या मुलांना रोबोटिक्स शिकवायला घेतले. ते कळल्यानंतर आठवड्याच्या आत मीही मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभी राहून म्हटले की आपल्या शाळेचाही संघ असला पाहिजे. त्यांनी विचारले, सामान कुठून आणणार? मी सांगितले, व्यवस्था होईल. व्यवस्था झाली ती अशी: वसाहतीच्या संघाला नवा संच मिळाला, जुना मोकळा झाला, आणि दिवाळीच्या फराळासारखा तो मामांच्या हातून पिशवीतून आमच्या घरी आला.

संघात तिघे होते. प्रज्ञा आठवीत होती, प्रोग्रॅम लिहायची आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहायची. तेजस तिच्याच वर्गातला. त्याला पेचकस दिला की तोंड चालू व्हायचे. भाविका सातवीतली, मोजायचे काम तिचे, आणि बोलण्यात ती फक्त हसण्याचा वाटा उचलायची. रोबोटला काळी रेघ पाहत पाहत वळणावळणाच्या वाटेने शेवटच्या रेषेपर्यंत कमीत कमी वेळात जायचे होते. तो जमिनीलगत थोडा पळे, थांबे, पुन्हा पळे, म्हणून तेजसने त्याचे नाव टिटवी ठेवले. तलावाच्या पाळीवर टिटव्या असेच करतात. छापील मॅट विकत घेणे शक्य नव्हते. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक जुना फ्लेक्स चौकातून उतरवून मिळाला. त्याची पांढरी पाठ वर करून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात पसरला आणि वीजवाल्यांच्या काळ्या चिकटपट्टीने वळणे काढली. तरीही टिटवी एका ठराविक जागी रेघ सोडून उजवीकडे जायची. दोन दिवस मी मोटरा तपासल्या, प्रोग्रॅम तपासला, सेन्सर बदलून पाहिले. शेवटी तेजसने फ्लेक्सचा कोपरा उचलून खाली पाहिले.

"ताई, साहेबाच्या मिशीपाशी अडकून राहिली ना जी हे!"

फ्लेक्स पातळ होता. पलीकडच्या बाजूला छापलेल्या पुढाऱ्याची जाड काळी मिशी पाठीवर करडी उतरली होती आणि टिटवी तिला रेघ समजत होती. आम्ही मिशीवर पांढरा कागद चिकटवला. त्या दिवशी तिघेही पोट धरून हसले, मीही हसले, आणि हसता हसता मला जवाहरनगरच्या सभागृहातली छापील मॅट दिसत राहिली, जिच्या पाठीमागे कोणाचीही मिशी नव्हती.

तर खंडेनवमीच्या सकाळी ती टिटवी जळाली. मी नागपूरच्या तीन दुकानांना फोन लावले. दोन सणासाठी बंद होती. तिसऱ्याने सांगितले की माल गुरुवारी येईल, शुक्रवारी कुरिअरने निघेल, करडीला सोमवारी. आई चुलीशी बसून ऐकत होती. सकाळपासून ती अपराधी चेहऱ्याने मला न विचारता चहा देत होती.

"अश्विनीजवळ असंन ना वो तो पार्ट. फोन काहून नाही करत तिले?"

"नाही."

"अवो, बहीण होय तुही."

"आई, नाही म्हटलं ना."

बाबांच्या कार्यालयातला एक जुना, मोडका स्टॅबिलायझर कोपऱ्यात पडला होता. मी तो उघडून त्यातले रिले काढले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर टिटवी चालती केली. रिले म्हणजे विजेवर चालणारे बटण. ते चाकाला पूर्ण वेग देते किंवा काहीच देत नाही, मधले काही नाही. टिटवी वळणावर टकटक आवाज करीत झटके खात जाऊ लागली. "तिले उचकी लागली," तेजस म्हणाला. भाविकाने वेळ मोजली: एक मिनिट चार सेकंद. पूजेआधी आम्ही चाळीस सेकंदांच्या आसपास आलो होतो. मी मुलांना सांगितले की झटके कमी करता येतील. हे गणिताने शक्य नव्हते आणि मला ते ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. प्रज्ञा घरच्यांबरोबर नागपूरला गेली होती. तिच्या घरचे सगळे दरवर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीवर जातात. संध्याकाळी गावातली मुले आपट्याची पाने घेऊन घरोघरी फिरू लागली, आणि दिवेलागणीला मामांची मोटरसायकल अंगणात थांबली. मागे अश्विनी. तिने सुती कुर्ता घातला होता, केस मोकळे, कपाळावर काही नाही, आणि तरी आईने तिच्याकडे पाहिले ते देवळातून आल्यासारखे. तिने बाबांच्या हातात सोने दिले, पाया पडली, मग मला मिठी मारली.

"काय म्हणते तुझी टीम? रोबोट दाखव ना मले."

"शाळेत आहे. कुलूप आहे आज," मी म्हटले. रोबोट माझ्यामागच्या खोलीत खाटेवर होता.

"तयारी झाली असेल तुझी तर. तू सिन्सिअर आहे यार. मी तर टाइमपास म्हणून करून राहिली. जॉयनिंग आलं की सुटली मी."

हे वाक्य ती सहज बोलली. मी मात्र ते पुढे कित्येक दिवस मनात फिरवत राहिले. ज्या स्पर्धेसाठी मी दोन महिने झोप कमी केली होती ती तिच्या लेखी दोन गोष्टींमधला रिकामा वेळ होता. मी तिच्याशी धावत होते आणि ती धावतच नव्हती, चालता चालता पुढे होती. माझा मत्सर तिला कळला असता, निदान त्याच्यामुळे तिचे काही बिघडले असते, तर मला बरे वाटले असते असे मी आज प्रामाणिकपणे लिहू शकते.

आईने डाळीची वाटी पुढे केली आणि तोंड उघडले. ती काय बोलणार हे ओळखून मी मध्येच मामांना त्यांच्या गुडघ्याविषयी विचारले. गुडघ्याचे उत्तर चालू असतानाच अंगणात पावले वाजली. तेजस आणि भाविका आपट्याची पाने घेऊन आत आले. तेजसने सर्वांना सोने वाटले, अश्विनीला पाहून ओळख विचारली, ओळख कळताच त्याचे डोळे चमकले.

"तुमीच होय का दीदी! दीदी, आमची टिटवी जळली ना! ताईच्या आईनं तिची पूजा केली, त सरळ देवाघरी गेली."

भाविका तोंडावर ओढणी धरून हसू लागली. आई म्हणाली, "चूप बे पोट्ट्या." मामा हसले, बाबा हसले, आणि अश्विनी तर इतकी हसली की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. मग डोळे पुसत ती म्हणाली, "अरे यार, मग सांगायचं ना! मोटर ड्रायव्हर गेला ना? माझ्याजवळ दोन पडून आहे. उद्या माझ्या बाबांसोबत पाठवून देते."

"गरज नाही. मी दुसरं बनवलं आहे. चालते ते."

"उचकी लागते तिले," तेजस म्हणाला.

"तेजस, घरी जा."

तो गेला नाही. दारातच उभा राहून माझ्याकडे पाहू लागला. अश्विनीनेही एक क्षण पाहिले, खांदे उडवले आणि डाळीत लिंबू पिळले. "बरं. लागलं तर सांग." ती गेल्यावर आईने भांडी आवाज करून घासली.

बुधवारी संध्याकाळी प्रज्ञा नागपूरहून परत आली ती सरळ शाळेच्या व्हरांड्यातच. तिने पिशवी ठेवली, तेजसकडून दोन दिवसांची हकीकत ऐकली, टिटवीची एक फेरी पाहिली, टकटक ऐकली, आणि माझ्याकडे वळली.

"ताई, तेजस सांगून राहिला होता, दीदी पार्ट देत होत्या अन् तुमी नाही म्हटलं."

"हो."

"काहून?"

"आपलं काम आपल्या सामानावर झालं पायजे, म्हणून."

प्रज्ञाने टिटवी उचलली आणि उलटी केली. तिच्या तळाला एक कागदी चिठ्ठी चिकटवलेली होती. वसाहतीच्या सभागृहाचे नाव आणि संच क्रमांक एक, अश्विनीच्या वळणदार अक्षरात. मी ती काढायचा प्रयत्न सुरुवातीला केला होता, निघाली नव्हती, आणि खालून कोण पाहणार असे म्हणून सोडून दिली होती.

"मंग हे कोणाचं सामान होय, ताई?"

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. प्रकाशाचे अपवर्तन काहून होते, हे तिने अशाच स्वरात विचारले होते आणि उत्तरासाठी अशीच थांबली होती.

"चाकं आपले होत," तेजस मदतीला आला. "चाकाले सायकलची ट्यूब मीनं लावली."

भाविकाला या वेळी हसू आले नाही. तिघेही माझ्याकडे पाहत होते. व्हरांड्याबाहेर लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती आणि ओल्या पेंढ्यांचा गोडसर वास येत होता. मी भराभर हिशेब केला, कारण दुसरे काही करण्यापेक्षा ते सोपे होते. रिलेवर एक मिनिट चार सेकंद. खूप सुधारले तरी पंचावन्न. जिंकायला चाळिशीच्या आत यावे लागेल. अश्विनीचा पार्ट न घेता अश्विनीला हरवण्याची शक्यता शून्य, घेऊन हरवण्याची शक्यता शून्याहून अधिक. माझ्या मत्सराला खरोखर विजय हवा असेल तर त्याला मागायला जावेच लागणार होते. हा निष्कर्ष मी कितीही बाजूंनी तपासला तरी बदलला नाही.

"उद्या सकाळच्या एस.टी.नं जवाहरनगर," मी म्हटले. "घरी सांगून येजा."

भंडाऱ्याला गाडी बदलून आम्ही पोहोचलो तेव्हा सभागृहात अश्विनीची मुले सरावाला बसली होती. प्रत्येकाजवळ स्वतःची पाण्याची बाटली, टेबलावर दोन लॅपटॉप, जमिनीवर आरशासारखी चकचकीत मॅट. अश्विनीने मला पाहिले, काहीही विचारले नाही, खणातून पाटी काढून तेजसच्या हातात दिली. "मागितलं ते बरं केलं" असे ती म्हणाली असती तर मी परत फिरले असते. ती म्हणाली, "स्क्रू छोटा लागेल याले, थांब." दहा मिनिटांत टिटवीची चाके पुन्हा मऊ, सलग फिरू लागली.

चकचकीत मॅटवर मात्र ती तिसऱ्या वळणावरच भरकटली. आमच्या फ्लेक्सच्या पाठीवर प्रकाश पसरून जात असे. इथे तो थेट सेन्सरमध्ये परत येत होता आणि काळी रेघही त्याला उजळ दिसत होती. हे मला लगेच समजले. मी बोलणार तोच प्रज्ञाने प्रश्न विचारला, आणि तो अश्विनीला विचारला. अश्विनी मॅटवर तिच्याशेजारी मांडी घालून बसली, सेन्सरच्या बाजूने हाताची सावली धरून दाखवली, आकडा कुठे बदलायचा ते सांगितले, आणि वळणावर वेग आधीच कसा कमी करायचा तेही. मी हे फळ्यावर आलेख काढून दोन तास शिकवले असते. प्रज्ञा अश्विनीच्या तोंडाकडे पाहत होती. तेच पाहणे, ज्याला मी गेले दोन महिने माझी कमाई समजत होते. "हो दीदी. हो, हो दीदी," ती म्हणाली आणि टंकायला लागली.

लहानपणी तिच्या फ्रॉकचा, तिच्या गुणांचा, मामीच्या वड्यांचा मला मत्सर वाटला होता. त्या सगळ्याची बेरीज केली तरी सभागृहातल्या त्या पाच मिनिटांची बरोबरी होणार नाही. मी पाणी प्यायला बाहेर गेले.

दुपारी मामीने सर्वांना वड्या वाढल्या. तेजसने किती खाल्ल्या ते भाविकाने मोजले आणि सांगायला नकार दिला. अश्विनी माझ्या ताटात वडी टाकत म्हणाली, "तुझे पोट्टे मस्त आहे यार. ही प्रज्ञा मले देऊन टाक."

"तुला रुजू व्हायचं आहे ना?" मी म्हटले.

ती हसली. परतीच्या गाडीत प्रज्ञा खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "दीदी लवकर समजावतात, ना ताई?" मी हो म्हटले. वैनगंगेच्या पुलावरून जाताना पाण्यावरचा गार वारा आत आला आणि त्याने पुढचे बोलणे टळले.

शनिवारी भंडाऱ्यातल्या एका शाळेच्या सभागृहात पंधराएक संघ जमले. आयोजकांकडे माणसे कमी पडली. वेळ घेणारे दोघे आलेच नाहीत, म्हणून परीक्षकांनी जाहीर केले की मार्गदर्शकांनीच एकमेकांच्या संघांची वेळ घ्यावी. जोड्या चिठ्ठीने ठरतील. माझ्या चिठ्ठीवर जवाहरनगर होते. अश्विनीने आपली चिठ्ठी उलगडून मला दाखवली आणि भुवया उडवल्या. तिच्यावर करडी होते. हातात एक एक स्टॉपवॉच, बाजूला मोठा फळा, ज्याने वेळ घेतली त्यानेच तिथे आकडा लिहायचा. शेवटच्या रेषेला रोबोटचे पुढचे टोक लागले की घड्याळ थांबवायचे, की संपूर्ण रोबोट पलीकडे गेल्यावर, हे नियमपत्रकात कुठेही लिहिलेले नव्हते. एका मार्गदर्शकाने विचारलेही. परीक्षक जेवणाच्या डब्यांच्या गडबडीत होते. "तुमी पाह्यून घ्या जी, काई फरक नाही पडत त्यानं," ते म्हणाले.

आज मी पुण्यात मोजमापाच्या उपकरणांची अचूकता तपासण्याचे काम करते. नव्याने आलेल्या मुलांना मी शिकवते की हाताने घेतलेल्या वेळेत अंगठ्याची एक चूक असते आणि मनाची एक. पहिली सरासरीने कमी होते. दुसरीविषयी पुस्तकात फारसे नाही.

आमची टिटवी शेवटून दुसरी धावली. पहिल्या वळणावर तिने जरा मान हलवली, मग सरळ झाली. तेजस ओठ चावत होता, भाविकाने डोळे मिटले होते, प्रज्ञा वाकून टिटवीच्या बरोबरीने चालत होती. टिटवीच्या पुढच्या सेन्सरची पट्टी रेषेला लागली त्याच क्षणी अश्विनीचा अंगठा खाली गेला. मी रेषेकडे पाहत नव्हते, तिच्या अंगठ्याकडे पाहत होते. तिने फळ्यावर लिहिले: ३८.९. आमची आजवरची सर्वोत्तम वेळ, आणि त्या घडीला सर्व संघांत पहिली. तेजस ओरडला, "अवो माय, ताई, पहिला नंबर!" प्रज्ञाने माझा हात धरला. दुसऱ्या कोणाचा नाही, माझा.

मग जवाहरनगर. मी रेषेशी उभी राहिले. त्यांचा रोबोट लांबट होता. पुढचे टोक लागल्यापासून मागची चाके पलीकडे जाईपर्यंत सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी जाणार, हे मी त्याच्याकडे पाहूनच ताडले होते. संपूर्ण रोबोट पार होईपर्यंत मी थांबले असते तर कोणीही आक्षेप घेऊ शकले नसते. परीक्षकांनी तसे म्हटलेच होते. अश्विनीने आमच्या वेळी काय केले ते फक्त मी पाहिले होते. मुले मागे उभी होती. प्रज्ञाची बोटे अजून माझ्या मनगटावर होती म्हणून मी ती हळूच सोडवली. अश्विनी माझ्या हाताकडे पाहतसुद्धा नव्हती. ती खाली वाकून तेजसला काहीतरी सांगत होती आणि तो हसत होता. माझ्यावर शंका घेण्याइतकेही तिने मला मोजले नव्हते, असे मला तेव्हा वाटले, आणि घड्याळावरचा माझा अंगठा घट्ट झाला.

शिट्टी वाजली. त्यांचा रोबोट वळणांवरून वाहत्या पाण्यासारखा आला; वळणाआधी वेग कमी, वळण संपताच पूर्ण. गुरुवारी प्रज्ञाला तिने जे दाखवले होते तेच. शेवटच्या सरळ रेघेवर सभागृह ओरडू लागले. मी ओरडणाऱ्यांकडे पाहिले नाही, अश्विनीकडे पाहिले नाही; जमिनीवरची पांढरी रेषा आणि तिच्याकडे येणारी रोबोटच्या सेन्सरची काळी पट्टी, एवढेच. पट्टी रेषेला लागली आणि मी दाबले. मागची चाके त्यानंतर, सावकाश, माझ्या नजरेसमोरून पलीकडे गेली.

"ताई, किती?" प्रज्ञाने विचारले.

मी घड्याळ तिच्या हातात दिले, म्हणजे तिने ते स्वतः वाचावे. फळ्यापाशी गेले, खडू घेतला आणि जवाहरनगरच्या नावासमोर लिहिले:

३८.७